लांडगा की घाव

तुलूझला विद्यापीठात माझं टेबल एमेरिक साल्बेरच्या टेबलाला चिकटून होतं. त्यामुळे त्याचं आणि ऑडेट फ्वासाकचं भांडण मला पाठ आहे. दोघं एकाच गुरूचे विद्यार्थी. पुढे ती माँपेलियेला गेली, हा इथेच राहिला, आणि एका शब्दावरून दोघांचं बोलणं बंद झालं.

शब्द आमच्या दक्षिण फ्रान्सच्या जुन्या भाषेतला. एका अनामिक कवीचं विरहगीत तीन हस्तलिखितांत सापडतं. शेवटच्या कडव्यात कवी म्हणतो, "या लोपानं माझा जीव जाणार." लोप म्हणजे लांडगा. साऱ्या गाण्यात ना रान, ना मेंढरू. साल्बेरचं म्हणणं, मूळ शब्द कोल्प, म्हणजे घाव. कुणा जुन्या लेखनिकाची नजर चुकली, आणि त्याच्या प्रतीवरूनच पुढच्या तिन्ही प्रती उतरल्या. म्हणून चूकही तिन्हींत आली. त्याने आपल्या आवृत्तीत सरळ 'घाव' छापला.

ऑडेटने त्यावर परीक्षण लिहिलं. हस्तलिखितांत जे आहे ते वाचायचं, आपल्याला हवं ते नाही, असं तिचं मत. "प्रा. साल्बेर यांनी कवीला सुधारले आहे, कवीची तक्रार नसावी, कारण तो मेला आहे," असं शेवटचं वाक्य होतं. त्यानंतर ती दोघं फक्त तळटिपांतून बोलायची. तळटिपा मात्र लांबलचक असायच्या.

एका वसंतात ऑडेट न कळवता आमच्या दारात उभी राहिली. केस पांढरे झालेले, हातात कागदांची जाड पिशवी. साल्बेरने मान वर करून पाहिलं आणि खुर्चीवरचे गठ्ठे खाली ठेवले. बस म्हणाला नाही.

तिने छायाचित्रं पुढे केली. रोदेझला एका जुन्या पुस्तकाची बांधणी उसवताना पुठ्ठ्याच्या आत चर्मपत्राचं एक पान निघालं होतं. त्यावर तेच गाणं, चौथ्या कुणाच्या तरी हातचं. शेवटच्या कडव्यात स्वच्छ अक्षरांत 'कोल्प'.

"तू बरोबर होतास," ती म्हणाली. "हे छापून येण्याआधी तुला तोंडावर सांगायचं होतं."

मला वाटलं, आता हा उठून तिला मिठी मारेल. त्याने भिंग काढलं आणि पान पहिल्या ओळीपासून वाचायला घेतलं. ऑडेटने कोट काढला. मी कॉफी आणली, ती निवून गेली.

शेवटी तो म्हणाला, "हा माणूस भरवशाचा नाही गं."

त्याने दाखवलं, ते असं. दुसऱ्या कडव्यात जुना अवघड शब्द आहे, तो या लेखनिकाने बदलून सोपा घातला होता. एक लंगडी ओळ अक्षर वाढवून नीट चालती केली होती. जे खटकेल ते हा दुरुस्त करायचा.

"त्याला लांडगा खटकला, त्यानं घाव केला. मीही तेच केलं. म्हणजे तो काही साक्षीदार नव्हे. माझ्याच जातीचा आगाऊ माणूस."

"एमेरिक, मी हरायला आलेय. गाडीभाडं खर्चून."

"मग पुरावा आणायचास."

ती चिडून गेली, पण स्टेशनवर गेली नाही. खालच्या खाणावळीत बसली. थोड्या वेळाने हाही खाली उतरला. मी पोचलो तेव्हा दोघांत बदकाचा रस्सा होता आणि ते एका स्वल्पविरामावर भांडत होते. जुन्या हस्तलिखितांत स्वल्पविराम नसतातच, पण त्याने त्यांचं काही अडलं नाही.

नवी आवृत्ती दोघांनी मिळून करायचं ठरलं. बाजू मात्र उलटल्या. आता ती म्हणायची घाव, तो म्हणायचा लांडगा. दर गुरुवारी ती गाडीने यायची. बाकीचं सगळं गाणं जुळलं. ती एक ओळ मोकळी ठेवली होती.

शरदात साल्बेरला न्यूमोनिया झाला. ऑडेट इस्पितळात मुद्रितं घेऊन जायची. मी एकदा बरोबर होतो. त्याला धाप लागत होती, तरी त्याने त्या मोकळ्या ओळीवर बोट ठेवलं.

"लांडगाच छाप."

"बघू."

"बघू नाही. छाप. मला पटतं ते छापायचं नसतं, ऑडेट. तूच लिहिलं होतंस."

"तेव्हा मी तरुण होते," ती म्हणाली आणि त्याचं पांघरूण सारखं केलं. त्या आठवड्यातच तो गेला.

पुस्तक आलं, त्यात वर मजकुरात लांडगा आहे. खाली टीप आहे: "घाव: साल्बेर यांची पहिली दुरुस्ती. पुढे त्यांनी ती मागे घेतली. माझ्या मते ती निःसंशय बरोबर आहे. ऑ. फ्वा."

एका तरुण परीक्षकाने लिहिलं की, संपादिकेला जे चूक वाटतं तेच ती वर छापते, ही पद्धत अनाकलनीय आहे. मी ते ऑडेटला वाचून दाखवलं. तिने चष्मा पुसला, त्या परीक्षकाचं वय विचारलं आणि उत्तर लिहायला कागद मागितला.