न आलेल्या नळाचा भोंगा

मित्रांनो, मी एक जुना भोंगा आहे आणि सध्या भयंकर चिडलेलो आहे. म्हातारपणी चिडू नये, असं तुम्हाला शिकवलं असेल. पण तुमच्यावर खोटेपणाचा आळ घेऊन तुम्हाला कुणी भंगारात टाकलं असतं, तर तुम्ही काय केलं असतं?

माझा जन्म अकोल्याचा. एका कारखान्यात ॲल्युमिनियमचा पत्रा ठोकून मला धोतऱ्याच्या फुलासारखा आकार दिला. तिथून एसटीच्या टपावर बसून मी दर्यापूरला आलो आणि पुढे जीपनं या गावात. गावाचं नाव सांगत नाही. गावात चांगली माणसं पुष्कळ आहेत, त्यांना उगाच मान खाली घालावी लागेल. नगरपरिषदेच्या इमारतीवर, नगराध्यक्षांच्या खिडकीच्या अगदी वर मला बसवलं आणि सत्तावीस वर्षं मी तिथून गावाशी बोललो.

काय काय बोललो! पोलिओचा डोस, रेशनची साखर, हरवलेली बैलजोडी. एकदा मला कौंडण्यपूरच्या यात्रेला उसनं नेलं होतं. तेल्हाऱ्याहून आलेल्या एका आजीबाईंची बहीण गर्दीत चुकली होती. आजीबाईंनी सांगितलेली खूण मी जशीच्या तशी पुकारली, "लाल लुगडं नेसेल हाय, नाव गंगू." लाल लुगड्यातल्या अकरा बायका आल्या आणि त्यांतल्या तिघी गंगू निघाल्या. पण बहीण सापडली! आजीबाईंनी माझ्या पत्र्यावरून हात फिरवला. असं कौतुक मी खूप अनुभवलं आहे. का, तर माझ्यात जे बोललं जाई तेच माझ्यातून बाहेर येई. पदरचा एक शब्द मी कधी घातला नाही.

आता मुद्द्याचं सांगतो. आमचा भाग खारपाणपट्ट्यातला. जमिनीत पाणी आहे, पण खारट. गावच्या बाजारात मनकर्णाबाई रोज भाजी विकायला बसते. मेथी, पालक, सांबार, म्हणजे तुमची कोथिंबीर. गावालगतच्या तीन एकरांत घरची माणसं पिकवतात आणि ही विकते. पालेभाजीवर दर तासाला पाणी शिंपडावं लागतं. बाजारातल्या हापशाचं खारं पाणी शिंपडलं की पानं मान टाकतात आणि दुपारपर्यंत काळी पडतात. मग गिऱ्हाईक बोटानं जुडी उलटून पाहतं आणि पुढं जातं. म्हणून पासष्ट वर्षांची ही बाई डोक्यावर भाजीचं टोपलं आणि दोन्ही हातांत गोड्या पाण्याच्या कॅना घेऊन बाजारात येते. बाजारात गोड्या पाण्याचा एक नळ हवा, एवढंच तिचं मागणं. पाच वर्षांपूर्वी नगराध्यक्ष महादेवरावांनी माझ्यातूनच तिला तो कबूल केला होता.

काम सुरूही झालं. बुधाजी प्लंबरनं टाकीपासून पाइप टाकत आणला. पाइप कडुनिंबापर्यंत पोचला. बाजार तिथून शंभर पावलांवर.

तेवढ्यात नगरपरिषदेचा पाच वर्षांचा अहवाल काढायचं ठरलं. लिहायचं काम केयूरसाहेबांकडे आलं. हे तरुण अधिकारी पुण्याहून नुकतेच बदलून आले होते. अक्षर सुंदर, शुद्धलेखन चोख, पण वऱ्हाडी बोली कानाला नवी. महादेवराव खुर्चीत रेलून सांगत होते आणि खिडकीवर बसून मी ऐकत होतो.

"लिवा साहेब. दिव्याचे खांब लावले. वाचनालय बांधलं. बाजारातल्या नळाचं काम करून रायलो."

आमच्याकडे 'करून राहिलो' म्हणजे काम चालू आहे, अजून व्हायचं आहे. वऱ्हाडातल्या लेकरालाही हे कळतं. केयूरसाहेबांनी मात्र आपल्या पद्धतीनं अर्थ लावला. 'करून' म्हणजे करून झालं, 'राहिलो' म्हणजे आता निवांत राहिलो! त्यांनी झोकदार अक्षरात लिहिलं, 'बाजारातील नळाचे काम पूर्ण.'

चूक प्रामाणिक होती. तिचा मला राग नाही. राग पुढचा आहे.

अहवाल छापून आला. गुळगुळीत कागद, मुखपृष्ठावर हात जोडलेले महादेवराव. दुसऱ्याच दिवशी बुधाजी कार्यालयात आला.

"भाऊ, इंजिनेरसाहेब म्हणते फाइल बंद झाली. काम पूर्ण हाय म्हणते. पाइप तं निंबापाशीच पडला हाय ना!"

महादेवरावांनी अहवाल उघडला. ती ओळ वाचली. पुन्हा वाचली. चूक त्यांना कळली, हे मी शपथेवर सांगतो, कारण ते हसले.

"राहू दे बुधाजी. छापलं ते बराबर दिसून रायलं. निवडणुकीनंतर पाहू."

ऐकलंत? चूक दुरुस्त करायला पेनाची एक रेघ पुरली असती. ती त्यांनी मारली नाही. पाइप निंबाखाली तोंड उघडं टाकून पडला आणि त्यात मुंग्यांनी घर केलं.

मग बुधवारी, भर बाजारात, अहवाल वाचनाची सभा झाली. मला मंडपाच्या खांबावर बांधलं. महादेवराव वाचू लागले. दिव्याचे खांब लागले. खरं आहे, लागले. वाचनालय झालं. खरं आहे, त्यात मुलं बसतात. गाव वाढलं, नवी वस्ती झाली, तिथं नाल्या झाल्या. झालं ते झालं म्हणायला मला कधी जड गेलं नाही. मी खणखणीत आवाजात सगळं गावाला ऐकवलं. आणि मग ती ओळ आली.

"बाजारातील नळाचे काम पूर्ण!"

मित्रांनो, तो शब्द मला गिळता आला असता, तर मी गिळला असता. भोंग्याला तेवढी सोय नसते.

मनकर्णाबाई मेथीच्या टोपल्यामागून उठली. हातात रिकामी कॅन तशीच.

"कोठी हाय नळ? आमाले तं दाखवा, भाऊ!"

महादेवरावांनी माझ्याकडे बोट केलं.

"मावशी, तुमाले बराबर आयकू नाई आलं. हा भोंगा बुडा झाला, आवाज फाटून रायला त्याचा. मी 'पूर्ण होईन' म्हणलो. त्यानं अर्धंच सांगतलं."

माझा आवाज फाटला? मी अर्धं सांगितलं? सत्तावीस वर्षांत एक अक्षर खाल्लं नाही, आणि भर बाजारात माझ्यावर हा आळ! माझ्याकडे बघून लोक हसले. त्या अपमानानं माझा पत्रा आतून तापला.

तेव्हा व्यासपीठावरच्या केयूरसाहेबांना राहवलं नाही. बिचारे खरोखर गोंधळले होते. माईक समोर आहे, हेही त्यांच्या लक्षात आलं नाही.

"पण साहेब, तुम्हीच म्हणाला होतात ना, करून राहिलो? म्हणून मी पूर्ण लिहिलं."

हे मी सगळ्या बाजाराला ऐकवलं. एक अक्षर कमी नाही, एक जास्त नाही. हशा उसळला. मनकर्णाबाई मात्र हसली नाही. ती टोपलं घेऊन व्यासपीठावर चढली, टोपलं टेबलावर ठेवलं आणि माईकपाशी गेली.

"साहेब, तुमी नवे हा. तुमाले समजावून सांगते. मी सकाळपासून भाजी इकून रायली. इकून रायली म्हंजे इकल्या गेली काय? मंग हे टोपलं भरेल काहून हाय?" मग ती महादेवरावांकडे वळली. "आन् भाऊ, तुमी तं इथलेच ना? तुमाले तं समजत होतं!"

एवढं बोलून तिनं काळवंडलेली मेथीची जुडी अहवालावर ठेवली. अख्खा बाजार टाळ्या वाजवत होता आणि तिच्या डोळ्यांत पाणी होतं. माझ्या आयुष्यात माझ्यातून गेलेलं ते सगळ्यात खरं बोलणं.

आठ दिवसांत हुकूम निघाला, 'जुना व सदोष भोंगा तात्काळ काढून टाकावा.' सकाळी हुकूम आला आणि जेवणाच्या सुट्टीआधी मी खाली होतो. म्हणजे मनात आलं की नगरपरिषदेला काम पूर्णही करता येतं! केयूरसाहेबांनी तेवढं चांगलं केलं. माफी मागितली, शिल्लक प्रतींतलं 'पूर्ण' खोडून हातानं 'चालू' लिहिलं आणि फाइल उघडायचा अर्ज दिला. अर्जाचं काय झालं, म्हणून बुधाजी विचारायला गेला, तर महादेवराव म्हणाले, "करून रायलो."

माझं युनिट, म्हणजे माझा गळा, काढून घेतला होता. उरलेला पत्रा भंगारवाल्याकडे जायचा होता. तो बुधाजीनं उचलला आणि मनकर्णाबाईकडे नेऊन दिला.

"मावशी, कॅनीत लाव. याचं नरसाळं चांगलं होईन."

रोज सकाळी गोड्या पाण्याचा टँकर तिच्या गल्लीच्या कोपऱ्यावर थांबतो. टँकरचा पाइप जाड आणि कॅनचं तोंड बारीक. पूर्वी अर्धं पाणी मातीत जाई. आता मनकर्णाबाई मला कॅनमध्ये उभा करते आणि एक थेंब सांडत नाही. सत्तावीस वर्षं माझ्यातून पाण्याच्या घोषणा गेल्या. पाणी आत्ता कुठं जाऊ लागलंय.

मित्रांनो, मला पुसा, तेल लावा, असं मी सांगत नाही. गावात कुणी भोंग्यातून 'झालं' म्हणालं, तर एवढंच करा. चार पावलं चालत जा आणि झालंय का ते पाहून या. न झालेलं असेल तर मनकर्णाबाईसारखं उभं राहून विचारा.

बाजारात नळ आला, तर ते मला कुणी ओरडून सांगायला नको. ज्या सकाळी मनकर्णाबाई मला घराच्या कोपऱ्यातून उचलणार नाही, त्या सकाळी मला कळेल. आज तिनं उचललं.