ट्रेलर पुढे निघून गेला

भावाच्या मधपेट्या वाहून न्यायला कुणीच गाडी देईना, तेव्हा भिंगरीनं ट्रेलर स्वतःच बनवायचं ठरवलं.

भिंगरी हे नाव तिला आईनं ठेवलेलं. चालायला लागल्यापासून ही पोरगी कधी एका जागी बसली नाही. आता पन्नाशी जवळ आली तरी चहा उभ्यानं, जेवण उभ्यानं, आणि फोन आला की कारखान्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत फेऱ्या. गेट, ग्रिल, जिन्याचे कठडे बनवायचा वडिलांचा छोटा कारखाना तीच चालवत होती. जिला स्वतःला स्थिर राहता येत नव्हतं तिनं आयुष्यभर जागच्या जागी उभ्या राहणाऱ्या वस्तू बनवल्या होत्या. चाकांवर पळणारं काही तिच्या हातून कधी झालं नव्हतं.

धाकटा भाऊ तिच्या अगदी उलट. तो मधमाश्या पाळायचा, आणि मधमाश्यांजवळ घाईचा माणूस टिकत नाही. त्याच्या पेट्या एका फळबागेच्या कडेला होत्या. एके सकाळी बागवाला स्वतः घरी आला आणि दारातूनच म्हणाला, "झाडांना कीड लागलीय. फवारणी केल्याशिवाय इलाज नाही. मी थोडं थांबतो, पण फार नाही. तू पेट्या हलव."

पेट्या कुठं हलवायच्या ते ठरलेलं होतं. डोंगरापलीकडच्या उतारावर रानफुलं आली होती. प्रश्न होता गाडीचा. भावाची जुनी जीप होती, पण तिच्यात चार पेट्यांच्या वर मावत नव्हत्या. नेहमीच्या टेम्पोवाल्याला मागच्या खेपेला माश्यांनी असं झोडपलं होतं, की बिचाऱ्यानं अर्धा रस्ता एका डोळ्यानं गाडी चालवली. ती कहाणी त्यानं गावातल्या प्रत्येक ड्रायव्हरला सांगितली होती, आणि दर वेळी माश्यांची संख्या वाढवून. आता विचारलं तर तो म्हणाला, "एकेकीला तिकीट काढून दे आणि बसनं पाठव."

"मग जीपला जोडायला ट्रेलर करू," भिंगरी म्हणाली. "लोखंडच जोडायचंय ना? त्यात काय एवढं!"

ती त्याच दुपारी भंगारवाल्याकडे गेली. मोडीत निघालेल्या एका गाडीचा मागचा आस, म्हणजे ॲक्सल, चाकांसकट मिळाला, पाट्यांची स्प्रिंग मिळाली. चौकोनी पाइप कारखान्यात होतेच. गिऱ्हाइकांची दोन गेटं भिंतीला टेकवून ठेवून ती कामाला लागली. पाइप कापताना मनानं जोडत होती, जोडताना मनानं रंगवत होती, आणि रंगवताना डोंगराच्या वळणावर पोचलेली होती. मध्येच उठून बागेकडे चक्कर मारायची, बागवाल्यानं फवारणीचा पंप बाहेर काढलाय का ते बघून यायची. भावजय जेवायला बोलवायला आली, की हातात पाव घेऊन पुन्हा ट्रेलरभोवती फिरायची.

"वन्सं, निदान तो घास तरी गिळा," भावजय म्हणायची. "ट्रेलर काय पळून जातोय?"

तपासणी झाल्याशिवाय ट्रेलर रस्त्यावर आणता येत नाही, एवढं भिंगरीला ठाऊक होतं. त्यासाठी गावाच्या टोकाला वाहन तपासणीचं मोठं आवार होतं. तिथल्या अधिकारी बाई वयानं भिंगरीच्या भाचीएवढ्या असतील. त्या ट्रेलरभोवती फिरल्या, वाकून खाली टॉर्च मारला, मग जीपला जिथं ट्रेलर जोडला होता तिथं उकिडव्या बसल्या.

"हे कपलिंग कुठून घेतलंत?"

"घेतलं नाही. मी केलं."

"काम सुबक आहे. पिन सुटू नये म्हणून काय केलंय?"

"तार बांधलीय. चांगली जाड आहे."

"तुम्ही गेटं बनवता ना? गेटाला बांधा तार. गेट कुठं जात नाही." त्या उठून उभ्या राहिल्या. "इथं लॉक असलेली पिन हवी. आणि तीही सुटली तर? साखळ्या कुठायत? दोन हव्यात, ट्रेलरच्या पुढच्या दांडीखालून एकमेकींना छेद देणाऱ्या. म्हणजे दांडी खाली पडली तरी त्यांच्यात झेलली जाते आणि ट्रेलर गाडीच्या मागंच राहतो."

मग त्यांनी भावाला जीपमध्ये बसवून सिग्नल द्यायला सांगितलं. जीप म्हणाली डावीकडे, ट्रेलर म्हणाला उजवीकडे. ब्रेक दाबला तर मागचा एकच दिवा लागला. आवारातले दोघं-तिघं हसले. भिंगरीचे कान लाल झाले.

"वायरिंग काय, तासाभराचं काम आहे," ती म्हणाली.

"वायरिंग सोपंच आहे. मला भीती आसाची वाटते. तो फार पुढे बसवलाय तुम्ही. सगळं वजन मागं जाणार, दांडी वर उचलली जाणार. वेग घेतला की हा शेपूट हलवायला लागेल. मग गाडी तुमचं ऐकत नाही, त्याचं ऐकते. आस मागं घ्या, वजन थोडं पुढं येऊ द्या. आणि मग परत आणा."

"अहो बाई, तिकडं फवारणी होईल हो! माश्या मरतील!"

"माश्या मेल्या तर मलाही वाईट वाटेल," बाई शांतपणे म्हणाल्या. "पण आज मी याला पास करणार नाही."

परतीच्या वाटेवर भिंगरीची बडबड एक क्षण थांबली नाही. वायरी तिनं त्याच संध्याकाळी नीट केल्या. पिनेची तार तशीच राहिली, साखळ्याही राहिल्या. आसाचं मात्र तिच्या जिवावर आलं. आस हलवायचा म्हणजे सगळं उलटं करा, वेल्डिंग कापा, पाटे काढा, पुन्हा मापं घ्या. आणि बागेत पंप बाहेर निघाला होता.

"जुन्या रस्त्यानं एकदा चालवून बघू," दुसऱ्या दिवशी ती भावाला म्हणाली. "पेट्यांऐवजी वाळूची पोती टाकू. नीट चालला तर तसाच नेऊ. त्या रस्त्याला असतं कोण?"

"ताई, त्या बाई म्हणाल्या ना…"

"बाई म्हणाल्या, बाई म्हणाल्या! बाईंच्या पेट्या आहेत का तिथं?"

भाऊ गप्प बसला. तो गप्प बसला म्हणजे कबूल झाला असं ती लहानपणापासून धरून चालत आली होती.

जीप तिनंच चालवायला घेतली. सपाट रस्त्यावर ट्रेलर मुकाट्यानं मागून येत राहिला. "बघ," ती म्हणाली. नंतर उतार लागला, जीपनं वेग घेतला, आणि कुणीतरी मागून धरून हलवावं तशी जीप डावी-उजवीकडे ढकलली जाऊ लागली. आधी हळू, मग जोरात. आरशात ट्रेलर एकदा या कडेला दिसायचा, एकदा त्या कडेला. भिंगरीनं घाबरून ब्रेक दाबला. त्यानं सगळं आणखी बिघडलं. मागं खाडकन आवाज झाला, एक हिसका बसला, आणि जीप एकदम हलकी झाली.

पुढच्याच क्षणी तिला उजव्या खिडकीतून आपला ट्रेलर दिसला. तो त्यांच्या पुढं चालला होता. दांडी सोंडेसारखी वर उचललेली, मागचा भाग डांबरावर घासत, ठिणग्या उडवत, वाळूची पोती एकेक करून खाली टाकत तो रस्ता तिरपा ओलांडून पलीकडच्या बसथांब्याच्या दिशेनं निघाला.

बसथांब्यात एक म्हातारा बसला होता.

पत्रा फाटल्याचा आवाज झाला आणि ट्रेलर थांबला. भिंगरी जीप तशीच सोडून धावली. थांब्याचा एक खांब वाकला होता. दांडी म्हाताऱ्याच्या खांद्यापासून हातभर अंतरावर मागच्या पत्र्यात घुसली होती. म्हातारा होता तिथंच होता, मांडीवरची पिशवी दोन्ही हातांनी घट्ट धरून. त्यानं मान वळवून दांडीकडे पाहिलं, मग भिंगरीकडे.

"कुणाचं आहे हे?" त्यानं विचारलं.

"माझं," ती कशीबशी म्हणाली.

"आणि ड्रायव्हर कुठाय?"

"याला… याला ड्रायव्हर नसतो, आजोबा."

म्हाताऱ्यानं मान हलवली. बाकाच्या दुसऱ्या टोकाकडे, जिथं वाकलेला खांब कलला होता तिथं बोट दाखवून तो म्हणाला, "रोज इथं बसतो मी. आज ऊन होतं म्हणून सरकलो."

भिंगरी रस्त्याच्या कडेला मटकन खाली बसली. भाऊ आला, त्यानं आजोबांना पाणी दिलं, कुठं लागलंय का पाहिलं, जीपनं घरी सोडतो म्हणाला. "नको रे बाबा," आजोबा जीपकडे बघत म्हणाले, "मी बसनंच जातो." बस आली, आजोबा चढून गेले, धूळ खाली बसली, तरी भिंगरी उठली नाही. भावानं एकट्यानं पोती गोळा केली. अधूनमधून तो बहिणीकडे बघत होता. ताईला इतका वेळ एका जागी बसलेली त्यानं जन्मात पाहिली नव्हती.

त्या संध्याकाळी तिनं ट्रेलर उलटा केला आणि कापायला घेतला. या वेळी हात भराभर चालत होते, पण तिला ते आवडत नव्हतं. मध्येच मशीन बंद करून ती थांबायची, माप पुन्हा घ्यायची. मन तिला पुढं ओढत होतं आणि ती मनाला मागं ओढत होती, अशी सारखी झटापट. आस मागं गेला. कपलिंग तिनं काढून टाकलं आणि मोठ्या कंपनीचं, शिक्का असलेलं विकत आणलं. साखळ्या आल्या, रिफ्लेक्टर आले, चाकांवर मडगार्ड बसले. मध्ये एकदा जाऊन तिनं बसथांब्याचा वाकलेला खांब काढून नवा बसवला आणि पत्राही बदलला. डोळे सारखे रस्त्याकडे, पण आजोबा काही आले नाहीत. ते आले नाहीत याचं तिला बरं वाटलं, आणि बरं वाटलं याची लाज.

बागवाला कबूल केल्यापेक्षा जास्त थांबला होता. पण कीड थांबत नव्हती. ट्रेलरवरचा रंग वाळायच्या आधीच त्यानं फवारणी केली.

भावानं आदल्या संध्याकाळी पेट्यांची दारं बंद करून वरून ओली पोती टाकली होती. तरी औषध कुठून कुठून शिरलंच. भिंगरी पोचली तेव्हा भाऊ वाकून एका पेटीसमोरची जमीन झाडत होता. झाडूच्या पुढं मेलेल्या माश्यांचा ढीग सरकत होता, चहाच्या चोथ्यासारखा. एक-तृतीयांश पेट्या गेल्या होत्या.

"बोल काहीतरी," भिंगरी म्हणाली. "शिव्या दे."

"कशाला?"

"पहिल्याच दिवशी आस हलवला असता तर आज सगळ्या पेट्या डोंगरापलीकडे असत्या."

भाऊ झाडत राहिला. मग भावजयच म्हणाली, "हो, असत्या. आणि तसाच भरून नेला असता तर पेट्यांबरोबर तुम्ही दोघंही नसता. आता उरल्यात त्यांचं बघा, वन्सं. उद्या पुन्हा फवारणार आहेत."

दुपारी ट्रेलर पुन्हा तपासणीला गेला. अधिकारी बाईंनी दिवे पाहिले, सिग्नल पाहिले, साखळीला अंगाचं सगळं वजन देऊन लोंबकळून पाहिलं. मग मागच्या कोपऱ्यावर नवा पाइप जोडल्याच्या खुणेवर बोट ठेवून विचारलं, "इथं काय झालं?"

भाऊ दुसरीकडे बघू लागला. भिंगरीला चार उत्तरं सुचली.

"सुटला होता," ती म्हणाली. "बसथांब्यात घुसला. तिथं एक आजोबा होते. त्यांना लागलं नाही."

"लागलं असतं तर आज आपण इथं बोलत नसतो," बाई म्हणाल्या, आणि मग भाचीच्या वयाच्या त्या बाईंनी जे सुनवायचं ते सगळं सुनवलं. भिंगरीनं मान खाली घालून ऐकून घेतलं. मग बाईंनी दांडीवर पाय देऊन वजन पाहिलं, चारी बाजूंनी आणखी एक फेरी मारली, आणि ट्रेलर पास केला. शिवाय पेट्या रचायच्या उंचीची आणि वेगाची मर्यादा सांगितली आणि ती मोठ्यानं म्हणून दाखवायलाही लावली.

संध्याकाळी माश्या आत परतल्यावर पेट्यांची दारं बंद केली, जड पेट्या आसाच्या वर आणि थोड्या पुढं रचल्या, पट्ट्यांनी आवळल्या, आणि पहाट फुटताच निघाले. चालवायला भाऊ बसला. भिंगरीनं ते स्वतःच सांगितलं. घाट चढताना ती दर वळणाला मागं वळून बघत होती, मान आखडली तरी बघत होती. दोनदा तिनं जीप थांबवायला लावली, उतरून पिन पाहिली, साखळ्या पाहिल्या, चाकाच्या मधोमध हात लावून ते तापलंय का पाहिलं.

"ताई, पुढं बघ जरा. फुलं आलीत."

"तू बघ फुलं."

ट्रेलर मुकाट्यानं येत राहिला. बंद पेट्यांमधून लाखो पंखांचा एकच घोगरा आवाज येत होता.

उतारावर पोचून पेट्या मांडल्या, दारं उघडली. पहिल्यांदा कुणीच बाहेर येईना. भिंगरी पेट्यांच्या रांगेपुढं येरझाऱ्या घालू लागली, तशी भावानं तिला बाजूला व्हायला सांगितलं, कारण ती नेमकी माश्यांच्या वाटेत होती. थोड्या वेळानं एक माशी दाराशी आली, तिथंच दोनदा घुटमळली आणि उडाली. मग दुसरी. मग इतक्या, की डोळ्यांनी एकेक धरता येईना.

भाऊ गवतावर आडवा झाला आणि बघता बघता घोरायला लागला. भिंगरीनं रिकाम्या ट्रेलरचा मागचा फाळका लावला, पट्ट्या गुंडाळून बांधल्या, आणि ती दांडीवर बसली. फार नाही, भावाची झोप होईपर्यंत. तिचा एक पाय सगळा वेळ हलत होता. रिकामा ट्रेलर भरलेल्यापेक्षा जास्त उड्या मारतो असं अधिकारी बाई म्हणाल्या होत्या, आणि परतीच्या वाटेवर घाटाचा उतार होता.