काळी झालेली ओळ

मित्रांनो, मी एक जुना प्रिंटर आहे. हल्लीच्या गुपचूप छापणाऱ्या प्रिंटरांपैकी नव्हे. माझ्या पोटात सुया आहेत. त्या शाईच्या फितीवर ठोके देतात आणि कागदावर अक्षरं उमटतात. माझा कागद लांबच लांब, दोन्ही कडांना भोकं असलेला. मी कामाला लागलो की खोलीत कुणाला कुणाचं बोलणं ऐकू येत नाही.

कारखान्यातून निघालो तेव्हा वाटलं होतं, एखाद्या शाळेत किंवा बँकेत जाईन. नशिबानं नेलं ते विमानतळावर, एका विमान कंपनीच्या मागच्या खोलीत. चार टेबलं, सहा फोन आणि भिंतभर नकाशा. तिथं विमानांचे रस्ते आखले जात. आकाशातही रस्ते असतात, हे मला तिथंच कळलं. कुठे वादळ आहे, कुठली धावपट्टी बंद आहे, कुठे लढाई पेटली आहे, अशा सूचना जगभरातून येत आणि मी त्या छापत असे. सुरुवातीला माझं फार कौतुक झालं. पुढे टेबलांवर संगणकाचे पडदे आले, सूचना तिथंच दिसू लागल्या आणि माझ्या डोक्यावर चहाचे कप ठेवले जाऊ लागले. वाईट वाटायचं, खोटं कशाला बोलू?

मला विसरल्या नाहीत त्या फक्त बाई. रस्ते आखण्याचं काम त्या बावीस वर्षं करत होत्या. "पडद्यावर डोळा घसरतो, कागदावर बोट ठेवता येतं," असं म्हणत त्या प्रत्येक ओळीवर बोट ठेवून वाचायच्या. मागून सगळे त्यांना बोटबाई म्हणत. त्यांच्या कानावर ते आलं होतं, पण त्यांनी मनावर घेतलं नाही.

विमान सुटण्याआधी रस्त्याच्या कागदावर दोन सह्या लागत. एक कॅप्टनची, एक आखणाऱ्याची. एक जरी नसली तरी विमान जागचं हलत नसे.

एका दुपारी माझ्या हातून चूक झाली. कागदाची भोकं दात्यांवरून निसटली, कागद पुढे सरकेना आणि मी आपला ठोकतच राहिलो. सात-आठ ओळी एकाच जागी उमटून काळा पट्टा झाला.

शेजारच्या टेबलावरचा चष्मेवाला घाईत होता. "राहू द्या हो बाई," तो म्हणाला. "त्या लढाईच्या भागाचीच सूचना असणार. चोवीस हजार फुटांच्या खाली बंद, वर मोकळं. आपण तेहतीस हजारांवरून जातो. रोजचंच आहे."

"रोजचंच असेल तर पुन्हा छापायला काय जातंय?" बाईंनी माझं झाकण उघडलं आणि कागद नीट बसवला. मी पुन्हा छापलं.

ओळ नवी होती. बंदीची उंची चोवीस हजारांवरून एकतीस हजारांवर गेली होती.

बाईंचं बोट त्या आकड्यावरून हलेना. "कालपर्यंत चोवीस आणि आज एकतीस. खालून आता तेवढ्या उंच मारा होतोय, म्हणूनच ना?"

"पण आपण तरी वरच आहोत. नियमात बसतंय."

"खालून नेम धरणाऱ्याला आपला नियम कोण सांगणार? मी सही करणार नाही."

आमच्या खोलीचे साहेब धावत आले. "बाई, सगळ्या कंपन्या तिथूनच चालल्यात. त्या सगळ्या खुळ्या आणि तुम्ही एकट्या शहाण्या?"

"त्यांच्या कागदावर माझी सही नाही, साहेब."

"वळसा घेतला तर दोन तास जास्त. वाटेत इंधनाला उतरायचं. एकशे साठ माणसं आत बसलीत, त्यांना काय सांगू?"

"सांगा, बाई अडून बसल्यात."

आवाज अगदी ठाम होता. त्यांनी माझ्यातून तो कागद फाडून घेतला आणि टेबलावर ठेवला. एवढ्यात कॅप्टन आत आले. त्यांनी ती ओळ दोनदा वाचली आणि म्हणाले, "वळसा आखा, ताई. प्रवाशांना मी सांगतो."

मित्रांनो, त्या दिवशी काहीही झालं नाही. त्या रस्त्यानं गेलेली सगळी विमानं सुखरूप उतरली. आमचंच तेवढं उशिरा पोचलं. कुणाची मुलाखत हुकली, कुणाची पुढची गाडी चुकली. त्या तक्रारीही मीच छापल्या. साहेबांनी बाईंच्या हातात मेमो ठेवला आणि विचारलं, "झालं का काही?"

"नाही झालं. मला तेच तर हवं होतं," बाई म्हणाल्या आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा वळसाच आखला. असे पाच दिवस गेले. खोलीत हसणं चालायचं. माझ्या ठोक्यांमुळे ते त्यांना ऐकू गेलं नसेल, अशी मी स्वतःची समजूत घालत असे.

सहाव्या दिवशी मी छापलं, जमिनीपासून वरपर्यंत सगळं आकाश बंद. त्याखाली कारण आलं. चष्मेवाला उभ्यानं वाचत होता, तो खाली बसला. त्याच रस्त्यानं निघालेलं दुसऱ्या एका कंपनीचं विमान पोचलं नव्हतं, खालून झालेल्या माऱ्यात ते पडलं होतं. ते आमचं नव्हतं, पण त्यातली माणसं कुणाची तरी आई, कुणाचा तरी भाऊ होतीच.

"बाई, तुमचंच खरं झालं," चष्मेवाला हळूच म्हणाला.

बाई भडकल्या. "खरं झालं म्हणून काय आता नाचू? पाच दिवस मी आपलं विमान वळवलं आणि गप्प बसले. त्यांच्याकडेही कुणीतरी असाच रस्ता आखत बसला असेल ना? त्याला एक फोन केला असता तर?" मग तोंड फिरवून त्या खूप रडल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी एक वही आणली आणि इतर कंपन्यांच्या अशा खोल्यांचे नंबर त्यात उतरवून घेतले. तेव्हापासून कुठल्याही लढाईची सूचना आली की आधी मी छापायचं आणि मग बाईंनी फोन फिरवायचे. पहिल्या वेळी अकरा ठिकाणी लावले. "तुमचं तुम्ही बघा," म्हणून बऱ्याच जणांनी आपटून ठेवले.

"अकरातल्या तिघांनीच ऐकलं," चष्मेवाला म्हणाला.

"तीन विमानं," बाई म्हणाल्या आणि उरलेल्यांना पुन्हा फोन लावायला बसल्या.

मित्रांनो, माझी फीत आता वाळत आली आहे. तुमच्या घरी माझा एखादा भाऊबंद असेल तर त्याच्यावरची धूळ पुसा, त्याचा कागद नीट बसवा. कधी विमानात बसलात आणि ते लांबच्या रस्त्यानं निघालं, तर घड्याळ बघून चडफडू नका. आणि मोठेपणी तुम्हीच अशा एखाद्या टेबलाशी बसलात, तर धोका दिसताच आपलं विमान वळवा आणि लगेच शेजाऱ्याला फोन लावा. त्यानं ठेवून दिला तर पुन्हा लावा.