बेचाळीसचा कोट

बातमी मला आईच्या मापाच्या वहीतून कळली.

आईचं शिवणाचं दुकान कोर्टाच्या मागच्या गल्लीत आहे. वकिलांचे काळे कोट शिवण्यात तिचा हात धरणारं कुणी नाही. दरवर्षी आमच्या कायदा विभागाचे दोन कोटही तिच्याकडेच येतात. मूटच्या स्पर्धेत जे दोघं उभे राहून बोलतात, त्यांचे. सकाळी बटणं लावायला बसले आणि सहज वही उघडली, तर पानावर आईचं ठसठशीत अक्षर: विद्यापीठ, कोट दोन. छाती चाळीस, छाती बेचाळीस.

माझं माप चौतीस.

"आई, हे कधी आलं?"

"काल. शिपाई देऊन गेला." मशीनवरची मान काही वर झाली नाही. "सांगणारच होते तुला."

"कधी? ते कोट घालून विमानात बसल्यावर?"

तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या. मूट म्हणजे खोटं आंतरराष्ट्रीय न्यायालय. दोन काल्पनिक देश भांडतात आणि आपण त्यांचे वकील. संघ तिघांचा असतो. दोघं बोलतात, तिसरा निवाडे शोधतो, ऐंशी पानांचं निवेदन लिहितो आणि ऐन सुनावणीत बोलणाऱ्यांकडे चिठ्ठ्या सरकवतो. तिसरा म्हणजे तिसरी. ती कायम मुलगीच. गेली दोन वर्षं ती मी होते. विभागात मला नावच पडलंय, चिठ्ठी.

गेल्या वर्षी न्यायाधीशांनी आमच्या वक्त्याला एक साधा प्रश्न विचारला. या वक्त्याला सगळे गोडगळा म्हणतात, कारण आवाज लोण्यासारखा आणि आत ठणठण गोपाळ. उत्तर मी लिहून पुढे सरकवलं. त्याने चिठ्ठीवर पाण्याचा ग्लास ठेवला आणि न्यायाधीशांकडे बघून गोड हसला. आम्ही हरलो. त्या ग्लासाचं ओलं वर्तुळ उमटलेली चिठ्ठी मी अजून ठेवली आहे. आणि बेचाळीस छाती त्याचीच!

"जाऊ दे गं," आई म्हणाली. "पाण्यात राहून माशाशी वैर नको. पदवी घे आणि सूट तिथून."

"शेवटचं वर्ष आहे आई. आज पाच वाजता स्पर्धेचा फॉर्म जातो. त्यावर मी 'संशोधक' म्हणून सही केली की संपलं. जन्मभर म्हणतील, तिने स्वतःच लिहून दिलं होतं."

आईने पाय थांबवला. कापडाचा गठ्ठा मांडीवर घेतला.

"पाच वाजेपर्यंत मी बेचाळीसला कात्री लावत नाही," ती म्हणाली. "त्यापुढे माझा इलाज नाही. गिऱ्हाईक आहे ते."

मी तशीच विभागात गेले.

आमचे विभागप्रमुख, मोठे सर, आंतरराष्ट्रीय कायदा असा शिकवतात की ऐकत राहावं. हे मी रागातही कबूल करते. पहिल्याच तासाला त्यांनी सांगितलं होतं, देशांच्या डोक्यावर कायदे करणारी संसद नसते. देश वर्षानुवर्षं जसे वागतात, आणि तसं वागणं आपल्यावर बंधनकारक आहे असं मानतात, त्यातून रूढी बनते. रूढी म्हणजेच कायदा. मग टेबलावर डस्टर आपटून म्हणाले होते, "जिथे बोलायला हवं, तिथे जो गप्प बसला, त्याने मान्य केलं असं धरतात. नंतर गळा काढून उपयोग नाही!"

हे मी वहीत लिहिलं, खाली दोन रेघा मारल्या, आणि पुढे संघातली कामं ठरली त्याच आठवड्यात विभागाला पत्र दिलं: मला वक्ता व्हायचंय, निवड चाचणी घ्या. दुसऱ्या वर्षी पुन्हा दिलं. उत्तर आलं नाही.

"अगं, तू तर आमची सगळ्यात हुशार संशोधक," सर चहा ढवळत म्हणाले. "मुलांना उभं राहायला जमतं, मुलींना खोलात जायला. आपल्या विभागाची रूढीच आहे ती."

"मग मी आक्षेप घेणारा देश आहे, सर. जो देश पहिल्यापासून सतत आक्षेप घेतो, त्याला ती रूढी लागू होत नाही. मी दोनदा पत्र दिलंय."

सरांचे डोळे चमकले. शिकवण्याची खुमखुमी दांडगी.

"चूक. रूढी बनत असताना आक्षेप घ्यावा लागतो. ती बनून गेल्यावर जन्माला आलेल्या देशाला ती आहे तशी स्वीकारावी लागते. तू आलीस परवा. ही पद्धत वीस वर्षांची. या वीस वर्षांत एकाही मुलीने चकार शब्द काढलेला नाही." त्यांनी फॉर्म पुढे सरकवला. "पाचच्या आत सही कर. नाहीतर संघ जाणार नाही आणि बोल तुला लागेल."

मी बाहेर आले. काय वाईट वाटलं सांगू? ते बरोबर होते. कायद्याच्या मुद्द्यावर त्यांनी मला चारी मुंड्या चीत केलं होतं.

निदान माझ्या दोन पत्रांच्या नकला तरी घ्याव्यात म्हणून आवक-जावकच्या खिडकीशी गेले. तिथल्या बाई वीस-बावीस वर्षं त्याच खुर्चीत आहेत. आलेल्या प्रत्येक कागदाची नोंद करतात, शिक्का मारतात, आणि एक चिटोरंही फेकत नाहीत. कुणी सुटीचा अर्ज आणला तरी त्याला क्रमांक पडतो.

"विषय काय होता?"

"मूटमध्ये मुलींना वक्ता म्हणून संधी मिळण्याबाबत."

बाईंनी चष्म्यावरून बघितलं. "कुठल्या वर्षीचं?"

"म्हणजे?"

"अगं, हा विषय दरसाल येतो."

बाईंनी बडबडत एकेक रजिस्टर काढलं आणि खिडकीतून माझ्या हातात दिलं. मी तिथेच जमिनीवर फतकल मारून बसले. एकोणीस वर्षांत तेवीस पत्रं. कुणी शेवटच्या वर्षाची, कुणी पहिल्या. एकीने तीन वेळा दिलेलं. एकीने 'कृपया' खोडून 'तातडीने' लिहिलेलं. प्रत्येकीपुढे एकच शेरा, दप्तरी दाखल. म्हणजे फायलीत घातलं, दोरी बांधली, झालं. आणि शेऱ्याखाली मोठ्या सरांची सही.

इतके दिवस मला वाटत होतं, मीच एक भांडकुदळ. इतका राग आला, आणि इतकं बरं वाटलं, की रडूच फुटलं.

"रडतेस काय?" बाई खेकसल्या. "पळ, झेरॉक्स काढून आण. शिक्का मारते मी. माझं काम शिक्का मारायचं. उत्तर द्यायचं काम त्यांचं होतं."

पावणेपाचला मी सरांच्या खोलीत शिरले. दोन्ही वक्ते बसले होते. फॉर्म दोन सह्या होऊन तिसऱ्या सहीची वाट बघत होता.

मी तेवीस कागद टेबलावर मांडले.

"सर, चकार शब्द काढलेला आहे. तेवीस वेळा. मग रूढी बनलीच कधी? मुली ते बंधनकारक मानत होत्या असं कुठे दिसतंय?"

सरांनी कागद चाळले. "या तक्रारी आहेत. मी त्यांना कधी हो म्हटलेलं नाही."

"नाहीसुद्धा म्हटलेलं नाही, सर. प्रत्येक पत्र तुम्ही वाचलंत, खाली तुमची सही आहे. एकोणीस वर्षं हक्क सांगितला जात होता आणि तुम्ही गप्प बसलात. जिथे बोलायला हवं तिथे जो गप्प बसतो, त्याचं काय होतं? डस्टर आपटून सांगितलंत तुम्ही."

सरांनी कागद पुन्हा एकावर एक रचले.

"कोटांची मापं गेलीत," सर शेवटी म्हणाले. आवाज बारीक झाला होता.

"शिवणारी माझी आई आहे. बेचाळीसला अजून कात्री लागलेली नाही."

सरांनी पेनाचं टोपण काढलं. फॉर्मवर दोन शब्द खोडले, दोन लिहिले, बाजूला सही केली आणि फॉर्म माझ्याकडे फिरवला.

"न्यायाधीशांसमोर असं उद्धट बोलू नकोस."

"बघते, सर."

मी सही केली. गोडगळा रडवेल्या चेहऱ्याने म्हणाला, "आणि मी काय करू?"

"चिठ्ठ्या लिही. मी वाचीन. त्यावर ग्लास ठेवणार नाही."

जिन्यातच आईला फोन लावला. मला धाप लागली होती.

"आई, बेचाळीस रद्द. चौतीस काप."

पलीकडे मशीन खडखडत होतं.

"ते तू सकाळी पायरी उतरलीस तेव्हाच कापलं," आई म्हणाली. "लवकर ये, बाह्या जोडायच्यात."