पाठमोऱ्या

रुमालाच्या कडेने साच्याची शिवण तशीच राहून गेली होती. ती घासून काढायचे कुणाला सुचले नव्हते. ब्राँझचा रंग दिलेला फायबरचा रुमाल, तो धरलेली फायबरची बोटे, आणि त्याखाली नऊवारी नेसलेली, दात दिसतील इतकी हसणारी फायबरची बाई. तिच्यामागे आणखी दोघी. तिघींची तोंडे सायकलमार्गाकडे, म्हणजे पूर्वी जिथे रूळ होते तिकडे, आणि पाठी तलावाकडे. प्रमोदिनीबाई सायकलवरून उतरल्या नाहीत. एक पाय जमिनीला टेकवून त्या शिवणीकडे पाहत राहिल्या, कारण त्या पुतळ्यांत तेवढी एकच गोष्ट खरी होती.

नुसते चुकीचे नव्हते हे, बरोबर उलटे होते. चुकीला अज्ञानाची सबब तरी असते. इतके नेमके उलटे करायला मूळ ठाऊक असावे लागते... आणि त्यांच्या जुन्या विद्यार्थ्याला, निमिषला, ते ठाऊक होते.

आष्ट्याच्या बाजूने इथवर येताना आपण किती प्रसन्न होतो, हे आठवून त्यांना आता स्वतःचीच शरम वाटली. छोट्या गाडीच्या इंजिनाला चढ सोसत नसे, म्हणून कधीकाळी कुणीतरी इथला प्रत्येक उंचवटा कापला होता, प्रत्येक खळगा भरला होता. पुढे गाडी बंद झाली, रूळ उपटले गेले, पण तो सपाटपणा जमिनीच्या अंगात मुरून राहिला, आणि आता त्यावर गेरूच्या रंगाचा गुळगुळीत थर, मधोमध पिवळी रेघ, एका हाताला ऊस, दुसऱ्या हाताला पाणी. साठी उलटलेल्या, गुडघे दुखणाऱ्या बाईलाही आपण पाय मारतो आहोत हे कळू नये. ‘आबालवृद्धांसाठी सुलभ’ असे कमानीवर लिहिलेच होते. इतिहासही त्याच हत्याराने तासला होता — वाचणाऱ्याला कुठे दम लागू नये.

पुतळ्यांच्या पायाशी फलक होता. ‘वीरांना हसतमुखाने निरोप देणाऱ्या मायभगिनी.’ आणि खाली, बारीक पण स्वच्छ अक्षरांत: ‘संशोधन — डॉ. प्रमोदिनी आठल्ये.’

तळटीप द्यायची शिस्त मीच त्याला लावली होती, त्यांच्या मनात आले. त्याने दिली.

गावातल्या म्हाताऱ्या मनुबाईंनी निरोपाची ती गोष्ट सांगायला कित्येक महिने घेतले होते. प्रमोदिनीबाई सांगलीहून त्यांच्याकडे जायच्या, निमिष बरोबर असायचा, तेव्हाचा त्यांचा सगळ्यांत तल्लख विद्यार्थी. मनुबाई चहा द्यायच्या, उसाच्या, सुनांच्या, म्हशीच्या गप्पा करायच्या आणि विषय गाडीच्या थांब्यापाशी आला की उठून जायच्या. मग एके दिवशी, शेंगा फोडता फोडता, मान वर न करता सांगितले. रजा संपवून पलटणीत परतणारा माणूस गाडीत चढला की घरच्या बायांनी तलावाकडे तोंड फिरवायचे. जाणाऱ्या गाडीची पाठ बघायची नाही. बघितली तर माणूस पाठमोराच राहतो, पुन्हा तोंड दाखवत नाही. शिटी विरेपर्यंत पाण्याकडे बघत उभे राहायचे.

“सासू दंडाला धरून फिरवायची मला,” मनुबाई म्हणाल्या होत्या. “पासष्ट साली मालक गेलं, दुपारच्या गाडीनं. मी आपली पान्यातलं बगळं मोजत हुबी. गाडी सुटल्याली कानानंच कळली.”

मालक परत आले नव्हते. आणि शेंगांची टरफले पदरातून झटकताना त्या म्हणाल्या होत्या, “सांगायचं तर सगळं सांगा, बाई. त्वांड का फिरवलं ते सांगा. न्हाईतर लोक म्हनतील, लय दगडाच्या काळजाच्या बाया. अर्धंमुर्धं सांगनार असाल तर सांगूच नगा.”

मी शब्द दिला. शेजारी ध्वनिमुद्रक धरून बसलेल्या निमिषचे डोळे भरून आले होते, आणि परतताना एस.टी.त मी त्याला सुनावले होते की संशोधकाने रडू नये, नीट ऐकावे. तो नीट ऐकत होता, हे आता सिद्ध झाले.

“मॅडम, या ना, सावलीत या.” थांब्याच्या जुन्या चौथऱ्यावरून निमिष खाली उतरला. हा मार्ग आखण्याचे काम आता त्याच्या संस्थेकडे होते. गळ्यात ओळखपत्र, दाढी नीट कातरलेली. “मनुबाई निघाल्यात. त्यांची नात क्रांती घेऊन येतेय रिक्षातून. त्यांच्या हस्तेच हार घालायचाय.”

“हे काय आहे, निमिष?”

त्याने विचारायचे म्हणूनही ‘कुठलं’ असे विचारले नाही. “पहिल्या आराखड्यात पाठमोऱ्याच होत्या, मॅडम. समितीत विचारलं, लोक फोटो कुणाबरोबर काढणार, पाठीबरोबर?”

“आणि तू काय उत्तर दिलंस?”

“उत्तर नव्हतं माझ्याकडे.”

“माझ्याकडे होतं. मला विचारलं असतंस.”

“तुम्ही नको म्हणाला असता.”

“आणि माझं नाव?”

“तुमच्या नावाशिवाय यावर विश्वास कोण ठेवणार?” तो म्हणाला, आणि असह्य हे होते की ते त्याने मनापासून, खऱ्या आदराने म्हटले.

त्या बाजूला झाल्या. तलावात कुणीतरी बदकाच्या आकाराच्या होड्या सोडल्या होत्या. मनुबाई येतील, बघतील, आणि त्यांना वाटेल बाईंनी विकले... मला ठाऊक नव्हते, असे म्हणावे? खरे होते, आणि तरी प्रत्येक लबाडाच्या तोंडचे वाक्य होते. नाही — काही म्हणायचेच नाही. मनुबाईच बोलतील. त्या काही कुणाची भीड धरणाऱ्या नव्हेत; हारबीर बाजूला सारतील आणि सगळ्यांदेखत सांगतील की हे खोटे आहे. मग निमिषच्या चेहऱ्याचे काय होते ते मला बघायचे आहे. हे इतके थंडपणे आपल्याला हवे आहे, हे त्यांनी नोंदवून घेतले, आणि हवेसे वाटणे कमी झाले नाही. साक्षीदार वाटेवर होता.

रिक्षा चौथऱ्यापाशी थांबली. पोलीस भरतीसाठी रोज सकाळी याच मार्गावर धावणारी क्रांती आधी उतरली आणि तिने आजीला हात दिला.

“आजी, दमानं. पळायला न्हाई आनलं तुला.”

“गप गं. तू रोज पळतीस, पोचलीस का कुठं?”

मनुबाई काठी टेकत पुतळ्यांपाशी आल्या. हार हातातच राहिला. त्यांनी पुढच्या बाईच्या निऱ्यांवरून तळवा फिरवला, मग खांद्यावरून, मग मान मागे टाकून तो वर उचललेला हात बघितला. बराच वेळ बघितला.

“लुगडं झ्याक हाय,” मनुबाई म्हणाल्या. “आमाला कुठलं असलं.”

क्रांतीने मोबाईल समोर धरला होता. “सांग की आजी. तुमी अशाच हुब्या ऱ्हायच्या?”

बदकांच्या होड्यांतून कुणीतरी हसले. मनुबाईंनी डोक्यावरचा पदर सारखा केला.

“व्हय. अशाच. रुमाल कुठला आमच्याकडं, पदर हलवायचो. गाडी दिसंनाशी हुईस्तवर बघायचो.” आणि मग कुणी न विचारता म्हणाल्या, “मालक डब्याच्या दारात हुबं व्हतं. माझ्याकडं बघून हसलं.”

निमिषने मान खाली घातली. त्याच्या चेहऱ्यावर विजय नव्हता. असता तर बरे झाले असते.

क्रांती रिक्षावाल्याला थांबवायला गेली तेव्हा प्रमोदिनीबाई जवळ गेल्या, वाकल्या. “मनुबाई, तुम्ही मला वेगळं सांगितलं होतं.”

“व्हय की. ते खरं हाय.” मनुबाईंनी आपल्या कोरड्या, गरम हातात त्यांचा हात घेतला. “ते ऱ्हाऊ दे तुमच्यापाशी. मी लय दीस वागवलं. आता मला हेच बरं वाटाय लागलंय.” आणि मागे वळून, “क्रांते, घे गं फोटू. ह्या पुढच्या बाईशेजारी घे.”

घरी कपाटात मनुबाईंचा आवाज मुद्रित केलेला होता, टरफलांच्या आवाजासकट. तो ऐकवून हा फलक उतरवता येईल, समितीला तोंडघशी पाडता येईल, निमिषला त्याची जागा दाखवता येईल... त्यासाठी एवढेच करावे लागेल, की एका नव्वदीच्या विधवेला चारचौघांत उभे करून सिद्ध करावे लागेल, तुमचा नवरा तुमच्याकडे बघून हसला नव्हता. पुरावा निर्विवाद होता. खटला चालवायचा तर आरोपी मात्र मनुबाईच होत्या.

इतका वेळ नीट रचून ठेवलेला राग कुठे ठेवावा ते त्यांना कळेना. निमिषवर तो आता पुरेसा बसत नव्हता, आणि मनुबाईंवर करायचा म्हटले तर — केला नाही असेही म्हणवत नव्हते. दिलेला शब्द मी सांभाळला, आणि ज्यांना दिला त्यांनीच तो माझ्या हाती ठेवून स्वतःला मोकळे करून घेतले. तिकडे त्या पुतळ्याच्या कमरेला हात घालून उभ्या होत्या, क्रांती ‘हस की’ म्हणत होती, आणि त्या हसत होत्या, पहिल्यांदाच बघत असाव्यात तशा समोर बघत. पासष्टच्या त्या दुपारी मनुबाई जिथे उभ्या होत्या तिथे आता कुणीच उरले नव्हते. ती दुपार जगात फक्त मला एकटीला आठवत होती, आणि मी तर तिथे नव्हतेच.