बाबाची केशरी रेघ

कल्पना करा, मुलांनो... मांडीवर टॅब आहे आणि त्यावर एक केशरी रेघ. जरा वेडीवाकडी, शेवटी फिरून स्वतःलाच येऊन मिळालेली. कालपर्यंत नूपुरला ती रेघ म्हणजे नुसता बाबा वाटायची — पहाटे धावणारा, धापा टाकणारा. आज शाळेतून आल्यापासून मात्र तिला त्या रेघेकडे बघवत नव्हतं.

बाबा, म्हणजे मेजर सलील, कोलकात्याच्या फोर्ट विल्यम ह्या लष्करी किल्ल्यात नेमणुकीला. आत फोटो काढायचा नाही, हे नूपुरला पाठ होतं. पण रेघ म्हणजे काही फोटो नव्हे... नव्हे ना? धावलेली वाट रेघेने टिपणारं नवं घड्याळ आलं तेव्हा बाबा म्हणाला होता, "तूच चालू करून दे गं, मला फक्त पावलं मोजायचीत," आणि मोबाइल तिच्या हातात देऊन अंघोळीला गेला होता. धावणाऱ्यांच्या साइटला नवा पासवर्ड हवा होता. नाहीतर खाली निळं बटण — तुमचं दुसरं खातं जोडा. तिने बाबाचं मित्रमंडळींशी गप्पा मारायचं खातं जोडलं. मित्रांची यादी बघू? हो. रोजची धाव आपोआप दाखवू? हो, हो — बाबा किती धावतो ते कळू दे की सगळ्यांना!

कळलं. पुण्याच्या श्यामसुंदरकाकाने खाली लिहिलं होतं, "वा सलील, किल्ल्याचा नकाशाच काढलास! यंदा दिवाळीला हाच बांधतो." नकाशा... त्या शब्दासरशी रेघ वेगळीच दिसू लागली — इथे वळला म्हणजे इथे भिंत, इथे थांबला म्हणजे इथे पहारा, रोज ह्याच वेळी — आणि कुणीतरी, काकाच्या मित्राचा मित्र, ज्याचं तोंडही तिने पाहिलं नव्हतं, त्या रेघेवर बोट ठेवून सावकाश बाबाच्या मागे चालला होता.

तिने बाबाच्या खात्यावरून रेघ पुसली. पण काकाने ती पुढे शेअर केली होती; धावणाऱ्यांच्या साइटवर ती होतीच; आणि कुठल्याशा तिसऱ्याच साइटवर, 'कोलकात्यात धावायच्या जागा' ह्या मथळ्याखाली, तीच... तिथे तर पुसायचं बटणच नव्हतं. मी एकदाच तर जोडलं होतं. मग ह्यांना एकमेकांची ओळख कुणी करून दिली?

"नूपुर, झालमुढीतले कुरमुरे मऊ पडतायत," आई स्वयंपाकघरातून म्हणाली. "काय एवढं डोकं खुपसून बसलीयेस?"

"काही नाही गं."

बाबा ओरडेल, टॅब काढून घेईल — दुपारभर एवढीच भीती होती. काकाला फोन करावा, त्याला काढायला सांगावं, बाबाला कळणारच नाही... पण उद्या पहाटे बाबा धावायला निघेल आणि तो कुणीतरी आधीच तिथे उभा असेल. भीती तशीच होती, फक्त आता ती स्वतःसाठी नव्हती. ओरडू दे. ओरडलेलं परवडेल.

बेल वाजली. बाबा दारातल्या स्टुलावर टेकला, बुटाची नाडी सोडायला वाकला.

"काय गं ढमे, आज तोंड शाळेतच विसरलीस वाटतं?"

तिने टॅब त्याच्या मांडीवर ठेवला आणि त्याचा हात घट्ट धरला.

"बाबा, बूट काढू नकोस. हे सांगायला तुला परत ऑफिसात जावं लागेल."