थांबण्याची हमी

पीएच.डी.ची शेवटची तोंडी परीक्षा सगळ्यांसाठी खुली असते, असं कल्पितानं कधीतरी बोलता बोलता आईला सांगितलं होतं. आई सोनूबाईनं त्याची खूणगाठ बांधून ठेवली असेल, हे मात्र तिच्या ध्यानीमनी नव्हतं. परीक्षेच्या दिवशी वडिलांनी, म्हणजे चांगदेवांनी, ट्रकची फेरी दुसऱ्या ड्रायव्हरच्या गळ्यात घातली, शेजाऱ्याची जीप मागून आणली, आणि रेवदंड्याहून रोहामार्गे सगळी मंडळी माणगावच्या पुढे हायवेला लागून असलेल्या विद्यापीठात हजर झाली. धाकटा भाऊ प्रणय मागच्या सीटवर जेवणाचे डबे सांभाळत बसला होता.

"आमी मागं बसू. तू तुजा बोल," सोनूबाई म्हणाली आणि खरोखरच शेवटच्या बाकावर जाऊन बसली. नवं लुगडं, नाकात नथ.

पोर कम्प्युटरात डॉक्टर होते आहे, यापलीकडे घरात कुणाला विषय ठाऊक नव्हता. तसा तो सांगायला अवघडही नव्हता. काही प्रोग्राम सुरू होतात ते थांबतच नाहीत. त्याच त्या पायऱ्या गिरवत राहतात. न चालवता, नुसता वाचून, एखादा प्रोग्राम थांबेल की नाही हे सांगता येईल का? वाटेल त्या प्रोग्रामाबद्दल ते सांगता येत नाही, हे तर्कशास्त्रानं फार पूर्वीच दाखवून दिलंय. म्हणून कल्पितानं स्वतःची एक लहानशी फंक्शनल भाषा रचली होती. तिच्यात सगळा कारभार फंक्शनांचा, म्हणजे नेमून दिलेलं एकेक काम करणाऱ्या छोट्या तुकड्यांचा. एकानं दुसऱ्याला बोलवायचं, दुसऱ्यानं तिसऱ्याला, नाहीतर स्वतःलाच. तिच्या जोडीला एक तपासनीस, तोही प्रोग्रामच. दिलेला प्रोग्राम तो वाचायचा आणि पसंत किंवा नापसंत करायचा. तपासनिसानं पसंत केलेला प्रत्येक प्रोग्राम थांबतोच, हे तिचं प्रमेय. तरुणपणाची कित्येक वर्षं तिनं त्यात घातली होती.

पहिला तासभर सगळं सुरळीत झालं. तिच्या मार्गदर्शक मृणाली मॅडम समाधानानं मान हलवत होत्या. बाहेरगावाहून आलेले परीक्षक हरेश्वर सर शांतपणे ऐकत होते. मग ते उठले आणि खडू हातात घेतला.

"तुमचा नियम असा, की फंक्शननं पुन्हा स्वतःला बोलवताना दर वेळी आधीपेक्षा लहान काहीतरी हातात द्यायचं. लहान होत होत कधीतरी संपणारच. बरोबर?"

"हो सर."

"आणि फंक्शन यादीत ठेवलं, आणि पुढे कधीतरी त्या यादीतून काढून वापरलं तर?"

"तेही धरलंय सर. चौथ्या प्रकरणात."

"मग हे बघा बरं." त्यांनी फळ्यावर सात-आठ ओळी लिहिल्या.

कल्पितानं त्या लॅपटॉपवर उतरवल्या आणि तपासनिसाला दिल्या. भिंतीवरच्या पडद्यावर हिरवी अक्षरं उमटली: पसंत. तिनं प्रोग्राम चालू केला.

पडद्यावर काहीच येईना. नुसती एक उभी रेघ लुकलुकत राहिली. खोलीत पंख्याचा आवाज होता. मॅडमनी चष्मा काढला.

मागच्या बाकावरून चांगदेवांना राहवलं नाही. "काय झाला गं? बंद परला काय?"

"न्हाय बाबा," कल्पिता म्हणाली, "बंदच पडत न्हाय."

कुणी हसलं नाही. नुसतं पडद्याकडे बघून काही सिद्ध होत नाही. कोण जाणे, आणखी घटकाभरानं थांबेलही. म्हणून तिनं खडू घेतला आणि फळ्यावर एकेक पायरी सोडवायला सुरुवात केली. अक्षर नीट येत होतं. थोड्याच वेळात जिथून निघाली होती ती ओळ जशीच्या तशी पुन्हा तिच्यासमोर आली. एक अक्षर इकडचं तिकडे नाही.

"फिरून तिथंच येतंय सर," ती म्हणाली. "हा थांबणार नाही. माझं प्रमेय चुकलंय."

परीक्षकांच्या समितीनं दार लावून चर्चा केली. प्रबंध फेटाळला नव्हता, पण स्वीकारलाही नव्हता. दुरुस्त करा, पुन्हा या.

बाहेर आंब्याखाली सोनूबाईनं सतरंजी अंथरली होती. तांदळाच्या भाकऱ्या, वालाचं बिरडं, सुकटीची चटणी. हरेश्वर सर जायला निघालेले दिसताच ती उठून आडवी गेली.

"जेवल्याबिगर जाव नका."

कल्पिताला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं. सरही क्षणभर घुटमळले, पण चपला काढून बसले. भाकरी मोडता मोडता सोनूबाईनं त्यांना सरळ विचारलं, "पोर नापास झाली काय?"

"नाही हो. पण आज मी सही केली असती, तर उद्या कुणीतरी याच ओळी छापून आणल्या असत्या. तेव्हा मग कुणी दुरुस्त करायला वेळ दिला नसता." मग ताट पुढे करत, "आणखी बिरडं आहे का?"

मंडळी रेवदंड्याला परतली. चौलच्या हलवायाकडे चांगदेवांनी पेढे सांगून ठेवले होते, आणि नाक्यावरच्या प्रत्येकाला बातमीही. दुसऱ्या दिवशी सकाळी कल्पिता दूध आणायला गेली, तेव्हा नाक्यावर कुणीतरी त्यांना विचारत होतं, "मंग, झाली काय डॉक्टर?" आणि ते सांगत होते, "झालीच. सायबाची सही तेवरी ऱ्हायलीय."

घरी आल्यावर ती म्हणाली, "बाबा, खोटं कशाला सांगता?"

"मंग काय सांगू? कम्प्युटर थांबला न्हाय म्हनून परीक्षा थांबली?"

"तेच सांगा ना. खरं तेच हाय."

 संध्याकाळी नाक्यावर त्यांनी तेच सांगितलं, आणि रंगवून सांगितलं: मास्तर कसा उठला, खडू कसा घेतला, आणि पोरीनं फळ्यावर कशी स्वतःचीच चूक धरली. ऐकणाऱ्यांना कितपत कळलं देव जाणे, पण रिक्षावाल्यांनी पुन्हा पुन्हा सांगायला लावलं. त्यानंतर घरातला तणाव बराच सैल झाला.

कल्पिता रेवदंड्यालाच राहिली. सुरुवातीला तिनं सोपा उपाय केला: यादीत फंक्शन ठेवायलाच बंदी. चूक गेली, पण तिच्याच प्रबंधातली निम्मी-अर्धी उदाहरणं तपासनिसानं नापसंत केली. हातपाय बांधून ठेवले की माणूस पडत नाही, तशातली गत. मॅडम फोनवर म्हणाल्या, "एवढ्यावरही चालेल. सही होईल." तिनं एक दिवस विचार केला आणि नको म्हणाली.

मग तिनं सगळी सिद्धता पहिल्यापासून मांडायला घेतली. तीही सिद्धता तपासून बघणाऱ्या एका सॉफ्टवेअरमध्ये, जिथं प्रत्येक पायरीचं कारण द्यावं लागतं आणि हातचं काही राखता येत नाही. चौथ्या प्रकरणापाशी ती अडकली. आकड्यांसाठी पूर्ण युक्तिवाद होता, जोड्यांसाठी होता. याद्यांपाशी तिनं फक्त एक शब्द लिहिला होता: 'याचप्रमाणे'. तो लिहिताना आपण दमलो होतो की खरंच तसं वाटलं होतं, हे तिला आठवेना. मशीनला मात्र 'याचप्रमाणे' कळत नव्हतं.

त्या एका शब्दानं पावसाळा खाल्ला. फंक्शन यादीत शिरताना ते जास्तीत जास्त केवढ्या वस्तूवर चालेल, हे माप त्याच्यासोबत नोंदवलं तर? पहिल्यांदा मापं जुळेनात. मग जुळली, पण एक उपप्रमेय खोटं ठरलं. एकदा वैतागून ती दिवसभर प्रणयसोबत वाडीत नारळ सोलत बसली. दसऱ्याच्या आसपास एका दुपारी शेवटची पायरी मशीननं मान्य केली. तिनं लॅपटॉप बंद केला, आईच्या शेजारी जाऊन बसली आणि नुसतीच वाल सोलायला लागली.

"झाला?" सोनूबाईनं विचारलं.

"झालं. पन आधीपेक्षा लहान झालं. काही चांगले प्रोग्राम आता बाहेर ऱ्हातात."

"ऱ्हावदे."

दुसऱ्या परीक्षेला चांगदेव माल घेऊन उरणला गेले होते. कल्पिता एसटीनं एकटीच गेली. हरेश्वर सरांनी त्याच ओळी दिल्या. नापसंत. त्यांनी त्या फिरवून दिल्या, दुसरी वाट काढली, मग तिसरी. तपासनीस बधला नाही. ज्या प्रोग्रामांना तो पसंत म्हणाला, ते चालले आणि थांबले.

"मला आता सापडत नाही," सर खुर्चीत मागे रेलत म्हणाले.

"सापडत नाही म्हणजे नसेलच असं नाही सर," कल्पिता म्हणाली, "पण या वेळी सिद्धतेत एकही 'याचप्रमाणे' नाही."

सर मोठ्यानं हसले आणि पेन मागितलं. मृणाली मॅडमनी आधी सही केली.

माणगावच्या स्टँडवर तिनं घरी फोन लावला. सोनूबाईनं बातमी ऐकली, शेजारणीला हाक मारून सांगितली, आणि फोन हातात तसाच धरून तिच्याशीच बोलत राहिली. "आई? ऐकतेस ना?" "व्हय," सोनूबाई म्हणाली, "तू ये आता."

एसटीत खिडकीजवळची जागा मिळाली. शेतात कापणी सुरू होती, भाताच्या पेंढ्या रचल्या जात होत्या. रोहा यायच्या आतच तिला गाढ झोप लागली.